भिडस्त साक्षीदार

जुना फोन मी आणखी दोन वर्षे सहज वापरला असता. त्याच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता, समोरच्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा ऐकू येई, आणि सकाळी पोटभर वीज पाजून निघाले तरी दुपारच्या सुट्टीच्या आत तो मान टाकी. पण वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला मोडकळीस आलेल्या वस्तूंविषयी ममत्व वाटू लागते. माझे टेबल, माझे कपाट, कोर्टाच्या आवारातले आमचे बसण्याचे बाक, आणि खरे सांगायचे तर माझे पुष्कळसे दावे, सारे त्याच अवस्थेत आहेत. फोन बदलायला लावला तो माझ्या मुलीने. "बाबा, तुमच्या फोटोंत सगळी माणसं पाण्यात बुडाल्यासारखी दिसतात," असे तिने एकदा पाहुण्यांच्या देखत सांगितले, आणि गेल्या वर्षी जून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही बापलेक हुबळीच्या कोप्पीकर रस्त्यावरच्या एका दुकानात जाऊन उभे राहिलो. तळहातात मावेल न मावेल अशी एक काळी काच घेऊन घरी आलो. आईने किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. शपथेवर सांगितली नव्हती, एवढाच माझा बचाव.

आधी त्याचे गुण सांगतो. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा कागदांचा एक रुमाल आहे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे इकडच्या कितीतरी घरांत, मग ती कानडी बोलणारी असोत की मराठी, जुनी खरेदीखते आणि कबुलायती मोडी लिपीत सापडतात. त्या वाचणारी माणसे मात्र सापडत नाहीत. आमच्या रुमालातल्या एका खरेदीखताची शाई इतकी उडाली होती की चतुःसीमेच्या ओळीत पश्चिमेस ओढा आहे की वाडा आहे, या एका शब्दावरून माझ्या दोन काकांचे पंधरा वर्षे एकमेकांशी बोलणे नव्हते. नवा फोन कागदापासून तीन बोटांवर धरला, फोटो काढला, दोन बोटांनी तो पडद्यावर फाकवला, आणि ती ओळ धुक्यातून वाट दिसावी तशी वर आली. पुण्याला मोडी जाणणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे ते चित्र पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आले : ओढा. थोरले काका तोपर्यंत वारले होते. धाकट्या काकांना मी फोन करून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्याच आठवड्यात एकदा दिवेलागणीनंतर साधनकेरीच्या तळ्याकडे गेलो होतो. घरात मराठी बोलणाऱ्या आणि कानडीत कविता करणाऱ्या द. रा. बेंद्र्यांचे घर तिथून चार पावलांवर. तळ्याकाठच्या झाडांच्या जागी माझ्या डोळ्यांना नुसता काळोख दिसत होता. फोटोत पाहतो तो एकेक पान सुटे. मी हरखलो. डोळ्यांना जे दिसले नाही ते या यंत्राला कसे दिसले, हा प्रश्न उलटतपासणीत कुठलाही नवखा वकील विचारील. मला तो त्या संध्याकाळी सुचला नाही.

दोषांपैकी काही करमणुकीचे आहेत. हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावर १५०७ मीटर लांबीचा फलाट आहे; २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून आम्हा जुळ्या शहरांतल्या माणसांना त्याचा, स्वतः बांधल्यासारखा अभिमान आहे. तो सबंध एका फोटोत घ्यावा म्हणून मुलीने फोन डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगितला. फलाट बराचसा आला; पण मधून चालत गेलेल्या एका हमालाला तीन पाय आले. दुसरी गंमत अक्षरे उमटवण्याची. आमच्या बारमध्ये कारवारकडचे एक कोकणी मित्र आहेत. त्यांना माझा फोन देऊन म्हटले, घरी निरोप लिहा. त्यांनी लिहिले, "हांव येतां." फोनने आपल्या बुद्धीने अनुस्वार खाऊन त्याचे "हाव येता" केले. मी येतो म्हणणारा भला गृहस्थ क्षणात लोभी ठरला! कोकणी ही स्वतंत्र साहित्यभाषा आहे हे साहित्य अकादमीने १९७५ साली मान्य केले, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. तो निकाल या फोनपर्यंत अजून पोचलेला दिसत नाही. मित्र म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या फोनाक अपील करूंक जाय."

पण या काचेचा जो स्वभाव मला विचार करायला लावतो, तो तिच्या स्पर्शापासूनच सुरू होतो. तिला बटणे नाहीत. काचेखाली डोळ्यांना न दिसणारे विजेचे जाळे असते. बोट टेकले की त्यातला किंचित विद्युत्भार बोटाकडे ओढला जातो आणि त्यावरून फोनला जागा कळते. म्हणजे तिला दाब नको, जोर नको, जिवंत, किंचित ओलसर कातडी हवी. धारवाडच्या झिमझिम पावसात थेंब पडला की तिला तेही बोटच वाटते, आणि मी न सांगता ती भलत्याच माणसाला फोन लावते. आमच्या धंद्यात अंगठ्याला एक वेगळाच मान आहे. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. आणि सही नाकारता येते, अंगठा नाकारणे फार कठीण. अक्षरशत्रूला आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवत आलो. आता बघावे तो हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापुढे उभे राहणारे मोठमोठे वकीलसुद्धा दिवसभर अंगठाच चालवीत असतात.

याच काचेने एक अंगठा नाकारला. नवलगुंदकडचे एक वृद्ध शेतकरी माझे अशील आहेत. शेजाऱ्याने बांध उंच केला, ओढ्याकडे जाणारे पाणी तुंबले, आणि ऐन श्रावणात त्यांच्या दोन एकरांतला मूग उभ्याचा कुजला, अशी त्यांची तक्रार. मी स्वतः शेत पाहायला गेलो. काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होता. मुगाची पाने पिवळी पडून खाली गळाली होती, शेंगांना काळी बुरशी, आणि सगळ्या शेतावर ओल्या पाल्याचा आंबूस वास. आभाळ भरलेले. मी नव्या फोनने पंधरा-वीस फोटो काढले आणि तिथेच बांधावर बसून त्यांना दाखवू लागलो. पुढचा फोटो पाहण्यासाठी त्यांनी पडद्यावर अंगठा ओढला. फोन ढिम्म. पुन्हा ओढला. साठ वर्षे कुऱ्हाड आणि कुळवाचा दांडा धरून तो अंगठा बाभळीच्या सालीसारखा झाला होता. काचेला तो माणसाचा वाटेना. शेवटी मीच एकेक फोटो सरकवीत गेलो.

ते पाहत राहिले. मग शेताकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले, आणि अगदी सौम्यपणे, माझा अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाले, "साहेब्र, इदु नम्म होल अल्लरी." साहेब, हे आमचे शेत नव्हे.

मी फोटो नीट पाहिला. पडद्यावर हिरवेगार शेत होते. भरल्या आभाळात वाऱ्याने डोलावा असा मूग होता. पिवळेपणाला सोनेरी झाक आली होती, बुरशी सावलीत मुरली होती, आणि मागचे ढग एखाद्या कॅलेंडरवर शोभावेत असे. मी काही केले नव्हते. मी फक्त पडद्यावर बोट टेकले होते.

त्या रात्री मी, सदोतिसाव्या पानापर्यंत कधीच न वाचले जाणारे ते माहितीपुस्तक आणि आणखी बरेच काही वाचून काढले. फोटो 'काढतो' असे आपण म्हणतो, पण हा फोन फोटो काढीत नाही, रचतो. आपण बोट टेकण्याआधीपासूनच तो एकामागून एक चित्रे टिपून ठेवीत असतो. त्यांतली उजेडाची, काळोखाची, न हललेली अशी निवडून एकात एक मिसळतो. आणि मग हे आभाळ, हे पान, हे जेवणाचे ताट, ही माणसाची कातडी, असे ओळखून प्रत्येकाला वेगळा साज चढवतो. पान ओळखले की ते हिरवे असले पाहिजे, हे त्याला शिकवून ठेवलेले आहे. साधनकेरीच्या काळोखातली पाने अशीच उमलली होती. जाहिरातीत ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी टिपक्यांची प्रौढी होती. पण एरवी हा चार शेजारी टिपके एकत्र करून सव्वा कोटींचेच चित्र देतो. आकडा खोटा नाही. मात्र साक्षीदाराच्या शपथेत 'सत्य' या शब्दानंतर 'संपूर्ण सत्य' असेही शब्द आहेत, ते या जाहिरातवाल्यांनी ऐकलेले नसावेत. २०२३ साली एका गृहस्थाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र लावले आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरे फोटोत उमटली. चंद्र ओळखला की त्याचे तपशील आमचे तंत्र खुलवते, असा खुलासा कंपनीनेही केला. चंद्राने यावर हरकत घेतली नाही. माझ्या अशिलाने घेतली.

फोन खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही. खोटा साक्षीदार मला ओळखता येतो; त्याला काही लपवायचे असते. हा दुसऱ्या जातीचा आहे. प्रत्येक वकिलाला असा एक तरी साक्षीदार भेटलेला असतो : भला, गरीब स्वभावाचा, भिडस्त. तुम्हाला काय हवे आहे ते तो तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो आणि तुमचे मन मोडू नये म्हणून तसे सांगतो. त्याला पढवावे लागत नाही. असा साक्षीदार आपल्या बाजूचा असला की सरतपासणीत गोड वाटतो, आणि त्याच्यामुळेच दावा जातो.

कायद्याने अशा यंत्रांच्या साक्षीचा विचार केलेला नाही असे नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीवरून एक वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी निकाल झाला : नक्कल हजर करायची तर कलम ६५-ब चे प्रमाणपत्र पाहिजेच, मात्र ज्याचे यंत्र त्याने ते मूळ यंत्रच घेऊन पिंजऱ्यात यावे आणि शाबीत करावे, म्हणजे प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू झाले. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र बाळगणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने; आणि त्या फायलीचा अंकाक्षरी ठसाही त्यात नोंदवायचा. एक टिपका हलला तरी हा ठसा बदलतो. व्यवस्था चोख आहे. पण ती सांगते एवढेच, की फोटो जन्मल्यावर त्याला कोणी हात लावला नाही. जन्मायच्या आधी, गर्भातच, त्याला काय काय झाले, ते कुठल्याच रकान्यात विचारलेले नाही. त्या हिरव्यागार मुगाचे निर्दोष प्रमाणपत्र मी उद्या सकाळी देऊ शकलो असतो.

मी ते फोटो दाखल केले नाहीत. कोर्ट कमिशनरने जागेवर जाऊन पाहणी करावी असा अर्ज दिला. कमिशनर जाईपर्यंत अशिलाने शेत नांगरून हरभरा पेरला होता. पेरला नसता तर घरातल्यांनी खाल्ले काय असते? प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. ओढ्याची ती मोडी ओळ मात्र मी त्याच आठवड्यात पुन्हा काढली. भिंग घेतले, कागद खिडकीत तिरपा धरला, आणि रेघेवर रेघ ताडून पाहिली. रेघ होती. ओढाच होता. माझा जीव भांड्यात पडला, पण ते भिंग हाती घ्यावे लागले ही गोष्ट राहिलीच.

धारवाड भागातल्या देवळांचे फोटो काढणारे पहिले लोक कॅमेरा आणि रसायनांचे ओझे बैलगाड्यांवर घालून हिंडले असतील. डॉ. पिगू, नील आणि कर्नल बिग्ज यांनी काढलेल्या या फोटोंचा 'आर्किटेक्चर इन धारवार अँड म्हैसूर' हा भला मोठा ग्रंथ १८६६ साली लंडनमध्ये निघाला. त्या काळच्या कॅमेऱ्याला चित्र घ्यायला इतका वेळ लागे की देऊळ उमटे, पण देवळासमोरून चालत गेलेला माणूस उमटत नसे. तोही दोषच. परंतु तो दोष सर्वांना ठाऊक होता आणि तो कुणाचे तोंड पाहून बदलत नव्हता.

चित्र सुधारण्याची हौस मात्र जुनी आहे, आणि ती आमच्या घरातही एकदा येऊन गेलेली आहे.

आई सहा वर्षांची असताना कुंदगोळला तिला देवी आल्या. त्या वर्षी गल्लीतली दोन मुले दगावली, ती वाचली. चेहऱ्यावर व्रण राहिले : गालांवर विखुरलेले, आणि कपाळाच्या मध्यावर एक खोलगट, मोठा. भारतातून देवीचा रोग गेल्याचे १९७७ साली जाहीर झाले. तोवर माझ्या आईचे लग्न होऊन पाच वर्षे झाली होती. ते लग्न जमणे सोपे नव्हते. स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून १९७१ साली माझ्या आजोबांनी तिला हुबळीच्या एका स्टुडिओत नेले. त्या काळी बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग भरून काढीत. स्टुडिओवाल्याने विचारले, चेहरा साफ करू का, एक रुपया जादा पडेल. आजोबांनी मुलीकडे पाहिले. तिने मान हलवली.

फोटो धारवाडला गेला, आणि फोटो पाहून माझ्या वडिलांकडची मंडळी मुलगी बघायला आली. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, फटकळ होती. पोह्यांची बशी खाली ठेवून ती म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठं आहे?" त्यानंतर त्या खोलीत काय काय बोलले गेले ते आईने मला कधी सांगितले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीने मिळवलेल्या संमतीचे कलम आहे, आणि १९७६ साली त्यात 'महत्त्वाच्या बाबीसंबंधीची' फसवणूक असे शब्द घालून ते रुंद केले. पेन्सिलीने बुजवलेले व्रण त्यात बसतील की नाही यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकेन. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, युक्तिवाद केला नाही. आठ दिवसांनी त्यांच्या हातचे कार्ड आले : मुलगी पसंत आहे, फोटो वेगळ्या टपालाने परत पाठवीत आहोत.

तो परत आलेला फोटो आईच्या ट्रंकेत तळाशी आहे. तो तिने भिंतीवर कधी लावला नाही. लग्नातल्या फोटोत ती उजेडाकडे तोंड करून बसली आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोतही.

आईच्या पंच्याहत्तरीच्या दिवशी नातवंडे जमली होती. ओवाळून झाल्यावर मी नव्या फोनने तिचा फोटो काढला आणि कौतुकाने तिच्या हातात दिला. तिने चष्मा वर केला, खाली केला. मला वाटले, तिला नीट दिसत नाही. मग ती म्हणाली, "ही कोण रे?"

मुले हसली. मी वाकून पाहिले. केस पांढरे होते, डोळे तिचेच होते. पण गाल एखाद्या धुतलेल्या पाटीसारखे. एक व्रण नव्हता. कपाळही कोरे. मला एकदम नवलगुंदच्या त्या बांधावर बसल्यासारखे झाले.

"फोन आपोआप करतो, आई. मी काही केलं नाही."

"आपोआप?" ती म्हणाली. "स्टुडिओवाल्यानं तरी विचारलं होतं रे." आणि थोड्या वेळाने, फोन माझ्याकडे परत देताना, "आणि मी हो म्हटलं होतं."

मला जे बोचले ते पुढे सांगतो. फोन घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी स्वतःचा फोटो काढला होता. त्यात मी दहा वर्षांनी तरुण दिसत होतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली होती. तो फोटो मी वकील संघाच्या पुस्तिकेसाठी दिला, आणि तो छापून आल्यावर दोन प्रती जास्त घेतल्या. तेव्हा मला काहीही खटकले नव्हते.

रात्री मुलीला बरोबर घेऊन फोनच्या पोटात शिरलो. एकात एक अशी तीन दारे उघडल्यावर कातडी सुंदर करण्याची पट्टी सापडली. मी ती कधी हलवली नव्हती. कारखान्यातूनच ती मध्यावर ठेवून आलेली होती. ती शून्यावर आणली. मुलगी म्हणाली, "शून्य म्हणजे अगदी शून्य नसतं, बाबा. थोडं करतोच तो." हे तिला ठाऊक होते, आणि याचे तिला काही वाटत नव्हते, तिच्या पिढीला फोटो म्हणजे साक्ष वाटतच नाही, फार तर शुभेच्छापत्र वाटते.

सकाळी आईला पूर्वेच्या खिडकीपाशी बसवले. कोवळे ऊन गालावर तिरपे पडले होते, म्हणजे प्रत्येक खळगा आपली सावली घेऊन उभा होता. फोटो काढला. आईने तो हातात घेऊन मोठा करायचा प्रयत्न केला. तिची कोरडी बोटे काचेला कळेनात. मग पोथीचे पान उलटताना करते तसे तिने बोट जिभेला लावले, आणि काच लगेच वळली. ती आपला गाल फाकवून पाहू लागली. "हा कानाजवळचा. हा मी खाजवला म्हणून मोठा झाला, आई हात बांधून ठेवायची तरी. आणि हा बघ." कपाळावरच्या खळग्यापाशी तिचे बोट थांबले. "हा बुजवायला स्टुडिओवाल्याला सगळ्यांत वेळ लागला होता. लग्नानंतर कुंकू इथंच बसायचं. यांनी एकदा म्हटलं, देवीनं जागा आखून दिलीय." अण्णा जाऊन नऊ वर्षे झाली. ती जागा आता मोकळी असते.

"हा पुण्याला पाठव," ती म्हणाली. मी बहिणीला पाठवला. पाच मिनिटांत बहिणीचा फोन : "आई किती छान दिसतेय रे, चेहरा कसा नितळ!" व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना चित्र दाबून लहान केले जाते आणि बारीकसारीक तपशील वाटेत गळतात, हे मला त्या दिवशी कळले. आईला मी बहिणीचे बोलणे सांगितले नाही.

म्हणून संध्याकाळी कोर्टातून परत येताना धारवाडच्या सुभाष रस्त्यावरच्या एका फोटोच्या दुकानात गेलो आणि मूळ फाईल देऊन मोठा फोटो कागदावर छापून मागितला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याने तो संगणकावर उघडला, आईचा चेहरा पडदाभर झाला, आणि त्याचा हात माऊसवर थांबला.

"साहेब्र," माझ्याकडे वळून त्याने विचारले, "मुख स्वल्प क्लीन माडलेनरी?" चेहरा थोडा साफ करू का?

"ब्याड," मी म्हणालो. "इद्दंग इरली." नको. आहे तसा असू दे.

त्याने मान डोलावली आणि कागद घालायला उठला.